‘रन’ हे क्रियापद मराठी माणसानं कसं शिकावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही भोसरीच्या एका मशीनशॉपमध्ये क्वालिटीला आहात. शिक्षण मराठी माध्यमातून झालं. ‘रन’ म्हणजे धावणे एवढं पाचवीत शिकलात, आणि आता कामावर हा शब्द दिवसभर कानावर पडतो, पण धावताना तर कुणीच दिसत नाही. परवा ग्राहकाच्या मेलमध्ये ‘वुई हॅव रन आऊट ऑफ फ्लॅन्जेस’ असं वाक्य आलं. फ्लॅन्ज म्हणजे तुम्ही बनवता त्या जोडणीच्या चकत्या. तुम्ही समजलात की फ्लॅन्जमध्ये रनआऊट निघालाय, म्हणजे फिरताना ते मध्य सोडून डगमगतायत. उरलेले नग मँड्रेल नावाच्या दांड्यावर चढवून, फिरवून दुपारभर डायलनं मोजलेत. सगळे वीस मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) आत आले. संध्याकाळी कळलं की त्यांच्याकडचे फ्लॅन्ज संपलेत आणि त्यांना पुढचा माल हवा आहे. शब्दकोश उघडला तर ‘रन’ची यादी पानामागून पान. ती पाठ कशी करायची, असं तुम्ही विचारलंय. सोबत ‘ड्राय रन’सारख्या अडलेल्या वापरांची एक यादी आणि निवडणुकीतल्या ‘रन’बद्दलचा प्रश्नही आहे.

मी सव्वीस वर्षं पुण्यात, टिळक रस्त्याच्या आसपास, मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. येणारे बहुतेक सगळे मराठी माध्यमातले: टर्नर, फिटर, बँकेतल्या मुली, दुकानदार, नर्स. माझं उत्तर असं की यादी पाठ करू नका. ती कुणाच्यानं पाठ होत नाही, इंग्रजांच्याही नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १९२८ साली पुरी झाली. त्यात सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही ‘सेट’च पुढे होतं. मग पीटर गिलिव्हर या कोशकारांनी ‘रन’ची नोंद नव्यानं लिहिली. २०११ साली ती तयार झाली तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. यंत्रं आली, आगगाड्या आल्या, कारखाने आले, संगणक आले, आणि प्रत्येक वेळी इंग्रजीनं नवा शब्द न घडवता हेच जुनं क्रियापद कामाला लावलं.

किती शिकायचं हे मात्र तुमच्या कामावर ठरतं. फक्त मेल वाचायचे असतील तर पुष्कळ अर्थ ओळखता आले पाहिजेत. बोलायचं असेल तर पंधरा-वीस वापर तोंडात बसले की रोजचं काम भागतं. ग्राहक अमेरिकन आहे की ब्रिटिश यानंही थोडा फरक पडतो. आणि मशीनशॉपमध्ये या शब्दाला धंद्याचे असे काही अर्थ आहेत जे माझ्या बँकेतल्या विद्यार्थिनींना कधीच लागत नाहीत. तुमची गफलत नेमकी तिथेच झाली. तुम्हाला धंद्याचा अर्थ पक्का माहीत होता आणि घरगुती अर्थ माहीत नव्हता. एरवी लोकांचं उलटं होतं.

आता मूळ कल्पना. ‘रन’ला धावणे म्हणून धरलं की तुम्ही अडकलात. एखादी गोष्ट मध्ये न थांबता, आपल्या ओघानं पुढे जात राहते, असं चित्र डोळ्यापुढे ठेवा. माणूस असेल तर तो धावतो. पाणी असेल तर ते वाहतं. यंत्र, दुकान, नाटक, खटला असेल तर ते चालतं. रस्ता किंवा वायर असेल तर ती जाते. मराठीत ओघ एकच आणि क्रियापदं चार. इंग्रजीत चारही ठिकाणी ‘रन’. म्हणून वाक्यात ‘रन’ दिसलं की पहिला प्रश्न ‘रन म्हणजे काय’ असा विचारू नका. ‘कोण रन होतंय’ असं विचारा. कर्ता कळला की मराठी क्रियापद आपोआप जिभेवर येतं. ‘द मुठा रन्स थ्रू पुणे’ यात मुठा आहे, म्हणजे वाहणे. ‘द लेथ इज रनिंग’ यात लेथ आहे, म्हणजे चालणे. ‘कर्वे रोड रन्स टुवर्ड्स कोथरूड’ यात रस्ता आहे, म्हणजे जाणे. इथे कुठेही कोश लागला नाही.

या चारांत सगळ्यात मोठा प्रांत ‘चालणे’चा आहे, आणि तुमच्या कामाला तोच लागणार आहे, म्हणून इथे जरा थांबते.

मराठीत चालणे आणि चालवणे ही दोन रूपं वेगळी आहेत. दुकान चालतं, मी दुकान चालवतो. मध्ये ‘व’ घातला की करणारा माणूस वाक्यात येतो. पळणे-पळवणे, बसणे-बसवणे, पुष्कळ ठिकाणी हीच सोय. इंग्रजीत ‘रन’ला असा ‘व’ नाही. ‘द शॉप रन्स वेल’ म्हणजे दुकान नीट चालतं आणि ‘आय रन अ शॉप’ म्हणजे मी दुकान चालवतो. रूप तेच. जुन्या इंग्रजीत ही दोन वेगळी क्रियापदं होती, एक स्वतः धावण्याचं आणि एक दुसऱ्याला धावायला लावण्याचं. दोन्हींचा उच्चार जवळचा, त्यामुळे काळाच्या ओघात ती एकात मिसळली. आपल्याकडे ‘व’ शिल्लक राहिला, त्यांच्याकडे भेद गेला. म्हणून इंग्रजी वाक्यात तो ‘व’ आपण मनानं घालायचा. ‘रन’नंतर लगेच नाम आलं, म्हणजे ‘रन अ शॉप’, ‘रन द मशीन’, ‘रन अ टेस्ट’, की ‘चालवणे’ समजा. नंतर नाम नसलं की ‘चालणे’.

एवढं सोपं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. वाचताना हा नियम चालतो, बोलताना फसवतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात सदाशिव पेठेत विद्यार्थ्यांसाठी खानावळ चालवणाऱ्या एक बाई होत्या. परप्रांतातली मुलं जेवायला यायची, त्यांच्याशी बोलता यावं म्हणून त्या शिकत होत्या. पहिल्या दिवशी ओळख करून देताना त्यांनी वहीत लिहिलेलं वाक्य वाचलं: ‘आय ड्राइव्ह अ मेस.’ कोशात चालवणे पाहिलं होतं आणि पहिला शब्द ‘ड्राइव्ह’ मिळाला होता. मी फळ्यावर त्यांच्याच तोंडून वाक्यं काढली: मी मेस चालवते, नवरा रिक्षा चालवतो, मुलगा सायकल चालवतो, दीर कारखान्यात मशीन चालवतो. मराठीत चारही जणांचं क्रियापद एकच. मग इंग्रजी लिहिलं. मेसला ‘रन’. रिक्षाला ‘ड्राइव्ह’. सायकलला ‘राइड’. मशीनला ‘रन’ किंवा ‘ऑपरेट’. त्यांनी ते चार ओळींत उतरवून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात येताना स्वतःहून पाचवी ओळ लिहून आणली, ‘माय सिस्टर रन्स अ पाळणाघर’. ‘पाळणाघर’ मराठीच राहिलं होतं, पण ‘रन’ अचूक जागी बसलं होतं. मला तेवढंच हवं होतं.

त्यातला फरक असा. वर बसून दिशा द्यायची असेल तर ‘ड्राइव्ह’ किंवा ‘राइड’. व्यवहार सांभाळून चालू ठेवायचा असेल तर ‘रन’. म्हणून ‘ही रन्स अ कार’ असं ब्रिटिश माणूस म्हणाला तर तो गाडी हाकतोय असा अर्थ होत नाही. तो गाडी बाळगून आहे, पेट्रोल, विमा, दुरुस्ती सगळं पोसतोय, असा होतो. ‘मला गाडी परवडत नाही’ याला ‘आय कान्ट अफोर्ड टू रन अ कार’ हे फार नेमकं इंग्रजी आहे. आपण ‘हत्ती पोसणं’ म्हणतो त्यातला पोसण्याचा भाग त्या ‘रन’मध्ये आहे.

‘चालू’ या शब्दाचं वेगळं सांगावं लागेल. मशीन चालू आहे, वर्ग चालू आहे, चालू वर्ष, चालू खातं. यातलं एकच ‘रनिंग’ आहे. वर्ग चालू आहे म्हणजे ‘द क्लास इज ऑन’. चालू वर्ष म्हणजे ‘करंट इयर’. चालू खातंही ‘करंट’च. आणि मशीनच्या बाबतीत तुम्हीच मला शिकवाल: मशीन ऑन असणं आणि मशीन रन होणं यात फरक आहे. कंट्रोल पेटलाय, स्क्रीन दिसतेय, पण स्पिंडल फिरत नाही, तेव्हा ‘द मशीन इज ऑन बट इट इज नॉट रनिंग’. मराठीत दोन्हीला आपण ‘चालू’ म्हणतो, म्हणून शिफ्ट बदलताना गोंधळ होतो. तुमच्या रिपोर्टात हे दोन शब्द वेगळे ठेवा.

आणि ‘चालेल’ला ‘रन’ कधीही नाही. ‘शुक्रवार चालेल का?’ याचं ‘फ्रायडे विल रन?’ असं वाक्य मी दर वर्षी ऐकते. ‘विल फ्रायडे डू?’ किंवा ‘इज फ्रायडे ओके फॉर यू?’ असं विचारा. ‘चालेल’मध्ये ओघ नसून संमती आहे, तिथे ‘रन’ला जागा नाही.

आता तुमच्या फ्लॅन्जकडे येते. इथे वाहण्याचा प्रांत लागतो.

धावणं आणि वाहणं एकाच शब्दात कसं, असं वर्गात नेहमी विचारतात. ‘रन’चा भाऊबंद असलेला जर्मन शब्द ‘रिन्नेन’ आजही झिरपणे, वाहणे याच अर्थानं वापरतात आणि ‘रेन्नेन’ धावण्यासाठी. आपल्याकडेही हे नवं नाही. संस्कृतात ‘द्रु’ म्हणजे धावणे, त्यापासून झालेला ‘द्रव’ आपण रोज वापरतो. जे धावतं ते द्रव. ‘सृ’ म्हणजे सरकणे, वाहणे. त्यातून सरिता आली. आणि त्याच ‘सृ’मधून आपलं ‘सरणे’ आलं. आता आजीच्या तोंडचं वाक्य आठवा: तेल सरलं, पीठ सरलं, महिन्याचा शिधा सरला. सरकत सरकत, ओघळत ओघळत डबा रिकामा झाला. ‘रन आऊट’ म्हणजे शब्दशः हेच. आतली वस्तू वाहत बाहेर गेली आणि भांडं रिकामं झालं. ‘रन आऊट’चा मराठी अर्थ वहीत लिहायचा असेल तर ‘संपणे’ लिहू नका, ‘सरणे’ लिहा. चित्रासकट लक्षात राहील.

पण तुम्ही फसलात ते अर्थामुळे नव्हे. वाक्याची मांडणी तुमच्या ओळखीची नव्हती, म्हणून फसलात. मराठीत फ्लॅन्ज सरतात. कर्ता फ्लॅन्ज. आपण म्हणतो, ‘आमच्याकडचे फ्लॅन्ज संपले’. इंग्रजीत तसंही म्हणता येतं: ‘द फ्लॅन्जेस हॅव रन आऊट’. पण जास्त करून इंग्रज माणूस स्वतःलाच कर्ता करतो: ‘वुई हॅव रन आऊट ऑफ फ्लॅन्जेस’. मराठी मनाला हे ‘आम्ही संपलो’ असं ऐकू येतं, ते पटत नाही, आणि मन दुसरा ओळखीचा अर्थ शोधायला लागतं. तुमच्या मनाला शेजारीच रनआऊट सापडला.

ही सवय इंग्रजीत सगळीकडे आहे आणि ‘रन’मध्ये फार स्पष्ट दिसते. मराठीत जिथे माणसाला ‘ला’ लागतो किंवा त्याचं काहीतरी होतं, तिथे इंग्रजी माणसाला कर्त्याच्या पाटावर बसवते. मला उशीर होतोय: ‘आय ॲम रनिंग लेट’. मला ताप आहे: ‘आय ॲम रनिंग अ टेंपरेचर’. आमच्याकडे माणसं कमी पडतायत: ‘वुई आर रनिंग शॉर्ट ऑफ पीपल’. माझा वेळ संपत आला: ‘आय ॲम रनिंग आऊट ऑफ टाइम’. आमच्यापुढे अडचण उभी राहिली: ‘वुई हॅव रन इंटू अ प्रॉब्लेम’. या पाच वाक्यांत कुणीही धावत नाहीये आणि कुणीही काही चालवत नाहीये. आपल्याकडे जे घडतं, ते इंग्रजीत माणूस स्वतः करतो. पुढच्या वेळी मेलमध्ये ‘वुई’ आणि ‘रन’ शेजारी दिसले की ते वाक्य मनात उलटं करा: ‘आम्ही’च्या जागी ‘आमचं’, ‘आम्हाला’ किंवा ‘आमच्याकडे’ ठेवून पाहा. वाक्य लगेच मराठीत उभं राहतं. माझ्या वर्गात ही एक युक्ती समजायला दोन-तीन आठवडे जातात, पण एकदा बसली की मेल वाचण्याचा वेग बदलतो.

‘रन आऊट’चे तुमच्या वाट्याला येणारे अर्थ चार. ते कसे ओळखायचे तेवढं सांगते, कारण अर्थापेक्षा खूण महत्त्वाची.

मागे ‘ऑफ’ असेल तर काहीतरी सरलं आहे. ‘रन आऊट ऑफ टूल्स’, ‘रन आऊट ऑफ कूलंट’. हा ‘ऑफ’ तुमच्या मेलमध्ये होता. तो इवलासा शब्द दिसला असता तर तुमची दुपार वाचली असती. कर्ता करार, परवाना, मुदत असं काही असेल तर मुदत संपते: ‘द कॉन्ट्रॅक्ट रन्स आऊट इन मार्च’. क्रिकेट असेल तर ‘वॉज रन आऊट’ किंवा ‘गॉट रन आऊट’ असं येतं आणि तो फलंदाज धावबाद असतो. आणि तुमचा डायलवाला रनआऊट हे नाम आहे. त्याच्याआधी ‘द’, ‘टोटल’, ‘रेडियल’ असं काही येतं, त्याच्यामागे मायक्रॉनमधला आकडा येतो, आणि लिहिताना तो एकसंध लिहितात. जॉब मध्यावर नीट फिरतो तेव्हा इंग्रजीत ‘इट इज रनिंग ट्रू’ म्हणतात. मध्य सोडून बाहेर जातो तो रनआऊट. म्हणजे इथेही बाहेर जाणंच आहे, फक्त भांड्यातून नव्हे, अक्षापासून.

क्रिकेटवरून एक आठवलं. ‘रन’ला ‘धाव’ आणि ‘रन आऊट’ला ‘धावबाद’ हे शब्द आज आपल्याला मराठीच वाटतात. पुण्याच्या बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत समालोचन केलं, त्यांच्या आवाजानं ही भाषा ज्या घरात इंग्रजीचा गंध नव्हता तिथपर्यंत पोचली. इंग्रजीतला एखादा अर्थ आपल्या भाषेत असा रुजवता येतो, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. तसंच आगगाडीचं. डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून पुणे-मुंबई मार्गावर धावते आहे, असं आपण सहज म्हणतो. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज असा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हाही पुण्यात मेट्रो ‘धावली’. गाड्यांच्या बाबतीत ‘रन’ आणि धावणे हातात हात घालून जातात, भाषांतराचा त्रास नाही. ‘द ट्रेन रन्स एव्हरी डे’ म्हणजे रोज धावते, रोज सुटते. मॅरेथॉनचंही तेच झालंय. पूर्वी लोक मॅरेथॉनमध्ये भाग घ्यायचे, आता तरुण मुलं ‘मी मॅरेथॉन धावलो’ म्हणतात. ‘रन अ मॅरेथॉन’ची ती सरळ छाया आहे. जुन्या वळणाच्या लोकांना खटकते, मला खटकत नाही.

तुमच्या यादीत ‘ड्राय रन’ होतं. हा शब्द कारखान्यात खरोखर धोक्याचा आहे, म्हणून बारकाईनं वाचा. मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, ‘लेट्स डू अ ड्राय रन ऑफ द प्रेझेंटेशन’, तर ती तालीम. सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनवर, नवा प्रोग्रॅम टाकून, धातू न कापता हवेत फिरवून पाहतात, तोही ड्राय रन, म्हणजे तालीमच. दोन्ही चांगल्या गोष्टी. पण मेंटेनन्सवाला धावत येऊन ‘पंप ड्राय रन झाला’ म्हणाला, तर पंप पाण्याविना चालला, सील जळायची वेळ आली. इथे ‘ड्राय’ अक्षरशः कोरडा आहे. माझ्याकडे एका कारखान्यातला मुलगा होता. त्यानं परदेशी इंजिनिअरला मेलमध्ये ‘वुई डिड अ ड्राय रन ऑफ द पंप’ असं लिहिलं. त्याला चाचणी घेतली असं सांगायचं होतं. समोरच्यानं घाबरून लगेच फोन केला. दोष त्याच्या इंग्रजीचा नव्हता, वाक्य व्याकरणात बरोबर होतं. पंपाच्या शेजारी तो शब्द ठेवायला नको होता. तिथे ‘ट्रायल रन’ किंवा ‘टेस्ट रन’ लिहायचं. म्हणून मी म्हणते, ‘रन’चा अर्थ त्याच्या शेजाऱ्यात असतो. शेजारी कोण आहे ते पाहिल्याशिवाय तोंड उघडू नये.

तुम्ही लिहिलेले बाकीचे झटपट घेते. ‘रन थ्रू’ म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा सलग पाहणं. नाटकवाल्यांना विचारा, प्रयोगाआधी ते ‘उद्या रनथ्रू आहे’ असंच म्हणतात. ‘रन इट बाय मी’ म्हणजे पाठवण्याआधी मला एकदा दाखव, माझ्या कानावर घाल. साहेब असं म्हणाले तर ते परवानगी मागायला सांगत नाहीत, नजरेखालून घालायला सांगतात. ‘रन द नंबर्स’ म्हणजे हिशेब मांडून बघ. ‘रन अ केबल’ म्हणजे केबल ओढणे. ‘इट रन्स इन द फॅमिली’ म्हणजे घराण्यातच आहे, मग ते संगीत असो की मधुमेह. ‘रन ओव्हर’ जपून वापरा. मीटिंग ‘रन ओव्हर’ झाली म्हणजे वेळेपेक्षा लांबली, पण माणूस ‘रन ओव्हर’ झाला म्हणजे गाडीखाली आला. आणि सर्दीला ‘रनिंग नोज’ आपल्याकडे सगळे म्हणतात, तरी बाहेर ‘रनी नोज’ किंवा ‘माय नोज इज रनिंग’ म्हणतात.

निवडणुकीचा तुमचा प्रश्न मला आवडला. अमेरिकन माणूस निवडणुकीला धावतो, ‘रन फॉर इलेक्शन’. ब्रिटिश माणूस उभा राहतो, ‘स्टँड फॉर इलेक्शन’. आपणही उभेच राहतो. आणि आपली इंग्रजी वर्तमानपत्रं ‘कॉन्टेस्ट’ लिहितात, कारण मराठी-हिंदीत निवडणूक लढवतात. तिन्ही बरोबर. ग्राहक कुठला ते बघून बोला.

रूपांबद्दल एकच सूचना. रन, रॅन, रन. पहिलं आणि तिसरं एकच. ‘हॅव’ किंवा ‘हॅज’च्या मागे कधीही ‘रॅन’ येत नाही. ‘वुई रॅन आऊट यस्टर्डे’, पण ‘वुई हॅव रन आऊट’. तुमच्या स्वतःच्या प्रश्नातही ‘दे हॅव रॅन आऊट’ असं एकदा आलंय, म्हणून सांगते.

आता शिकायचं कसं. एक वही करा, पण ती शब्दांची नको, वाक्यांची. तुमच्या इनबॉक्समधल्या गेल्या तीन महिन्यांच्या मेलमध्ये ‘रन’ शोधा. जेवढी वाक्यं निघतील तेवढी जशीच्या तशी उतरवा. प्रत्येक वाक्यासमोर तीन गोष्टी लिहा: कोण रन होतंय, मागे कुठला शब्द आलाय, आणि आपण मराठीत हे कसं बोललो असतो. तिसऱ्या रकान्यात शुद्ध भाषांतर नको, चहाच्या टपरीवर मित्राला सांगाल तसं लिहा. ‘मशीन बंद पडलं’, ‘माल सरला’, ‘उशीर होतोय’. तुम्हाला दिसेल की दहा-बारा ढाच्यांतच सगळं फिरतंय. रोज सकाळी त्यातला एक ढाचा घ्या आणि स्वतःच्या कामाचं एक वाक्य त्यात बसवून मोठ्यानं म्हणा. मनात म्हणून भागत नाही, जिभेला वळण लागावं लागतं. रस्त्यात बसमध्ये असाल तर हळू म्हणा, पण ओठ हलू द्या.

कोशही वापराच, फक्त उलट्या बाजूनं. ‘रन’ उघडण्याऐवजी ‘चालणे’ उघडा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. तो आज इंटरनेटवर फुकट बघायला मिळतो. त्यात ‘चालणें’ आणि ‘सरणें’ या नोंदी बघा. आपण दिवसभर किती अर्थांनी ‘चालणे’ बोलतो आणि त्यातला एकही कुणी आपल्याला पाठ करायला लावला नव्हता, हे पाहिलं की ‘रन’ची भीती बरीच उतरते. ज्या इंग्रजांनी तो कोश केला त्यांनाही आपलं ‘चालणे’ असंच नमुन्यानमुन्यानं शिकावं लागलं असणार.

शेवटी त्या मेलचं उत्तर. तुम्ही अजून ते पाठवलेलं नाही असं लिहिलंय आणि काय लिहावं विचारलंय. दुपारची मोजमापं वाया गेली असं मानू नका, तीही जोडा, ग्राहकाला ती हवीच असतात. माफीचं लांबण लावू नका. साधं लिहा: ‘वुई अंडरस्टँड यू हॅव रन आऊट ऑफ फ्लॅन्जेस. फॉर्टी पीसेस आर रेडी. टोटल रनआऊट इज विदिन ट्वेंटी मायक्रॉन्स, रिपोर्ट अटॅच्ड. द नेक्स्ट बॅच इज रनिंग नाऊ.’ आकडे तुमचे घाला. चार वाक्यं आहेत, तीन वेळा ‘रन’ आलंय, तीन वेगळ्या अर्थांनी. पाठवण्याआधी एकदा साहेबांच्या नजरेखालून घाला, आणि त्यांना विचारताना इंग्रजीतच विचारा: ‘कॅन आय रन धिस बाय यू?’